लेझर नावाच्या बागेतला दगड

१

मंगळवारी सकाळी हॉपेस्टन गावातल्या बागेतून बागेचं नाव चोरीला गेलं.

नाव म्हणजे दगड. छातीइतका उंच, राखाडी, वरच्या हिरवळीच्या अगदी कडेला उभा. राजे बदलले, पंतप्रधान तर हवेसारखे बदलले, दगड होता तिथेच होता. त्याच्यावर बागेचं नाव कोरलेलं होतं. अक्षरं जशी आहेत तशी वाचली तर 'लीसोव' होतं, आणि तसं वाचणारा माणूस बाहेरगावचा समजावा. गावातला माणूस 'लेझर' म्हणतो. त्यामुळे दर रविवारी कुणीतरी पाहुणा तिकीटखिडकीवर विचारी, "लेझर शो किती वाजता?" शेवटी खिडकीवर पाटी लावली: लेझर शो नसतो. तेव्हापासून लोक विचारतात, का रद्द झाला.

"पोलिसांना कळवलं?" नेस्टा प्रॉबर्टने विचारलं.

"कळवलं," पाद्रीबाई प्रिसिला अम्नी म्हणाल्या. बागेच्या समितीच्या अध्यक्षही त्याच होत्या. "त्यांनी दगडाचं वर्णन विचारलं. मी म्हटलं, राखाडी. त्यांनी ते लिहून घेतलं आणि फोन ठेवला."

"म्हणून मला बोलावलंत."

"तू हरवलेले शब्द शोधतेस ना? हा तर दगडावरचा आहे. सोपा जाईल."

नेस्टा जिल्ह्याच्या इस्पितळात बोलण्याचे उपचार करी. झटका येऊन ज्यांची वाचा गेली त्यांना एकेक शब्द परत मिळवून द्यायचा, हे तिचं काम. दगड शोधण्याचा तिला काहीच अनुभव नव्हता. पण पाद्रीबाईंना नाही म्हणायचा अनुभव गावात कुणालाच नव्हता.

दोघी हिरवळीच्या कडेला उभ्या होत्या. कडेनंतर एक चर आहे. घराकडून पाहिलं तर तो दिसतच नाही. हिरवळ आणि खालचं रान एकसलग वाटतं, खाली चरणाऱ्या गायी आता चालत चहाला येतील असं वाटतं. त्या येत नाहीत, कारण मध्ये माणसाहून उंच भिंत खाली उतरते. दिसू नये म्हणूनच खणलेल्या या चराला तिकडे 'हाहा' म्हणतात. हॉपेस्टनमध्ये या नावाला कुणी हसत नाही.

"शुक्रवारी लंडनहून डॉक्टर स्टर्जिस येणार, जुने कोरीव लेख वाचणाऱ्या," प्रिसिला म्हणाल्या. "दगडावर नावाखाली आणखी एक ओळ आहे, शेवाळाने झाकलेली. ती त्या साफ करून वाचणार. बाग रचणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळलं की गायींचा निकाल."

गायी बीटी ओनियन्सच्या. ओनियन्स म्हणजे कांदे. त्या आडनावाचे बरेच लोक 'ओनायन्स' असा उच्चार करून सुटका करून घेतात, बीटी घेत नसे. सत्तरी ओलांडलेली, मूलबाळ नाही, टीव्ही नाही, लांब शिंगांच्या म्हाताऱ्या गायी तेवढ्या होत्या. खालच्या रानात तिच्या आजोबांच्या आधीपासून गायी चरत होत्या. बागेच्या नव्या व्यवस्थापकाला तिथे लग्नसमारंभांसाठी हिरवळ हवी होती. दुसरं रान बीटीकडे नव्हतं. इथून निघालेल्या म्हाताऱ्या गायी कुठे जातात, ते बीटीला ठाऊक होतं, म्हणून ती ते बोलत नसे.

"आणि शुक्रवारी काहीच कळलं नाही तर?"

"तर समितीचा जुना नियम. मालकाची इच्छा सिद्ध होईपर्यंत जसं चाललंय तसं चालू द्यायचं."

नेस्टा वाकली. दगडाच्या जागी एक ओला खड्डा होता. तिने आजूबाजूची हिरवळ बघितली. गालिच्यासारखी कापलेली, पट्ट्यापट्ट्यांची. चाकाची खूण नाही, ओढल्याचा चरा नाही, चार माणसांनी जड पाय रोवल्याचा एक खळगा नाही.

दगड गेला होता, पण कुठल्याही दिशेला गेलेला नव्हता.

२

"मी चोरला असं सगळे म्हणतायत," ज्युलियन टँक्रेड म्हणाला. बागेचा व्यवस्थापक. चहाच्या खोलीत बसून तो स्कोनवर साय पसरत होता, काठापासून काठापर्यंत सारखी. त्याला सगळंच सारखं लागे.

"सगळे नाही," नेस्टा म्हणाली. "कॉलिन अजून काही बोललेला नाही."

"कॉलिन कधीच काही बोलत नाही."

"म्हणून सगळे नाही म्हटलं."

दोघांच्या डोक्यावर सर एम्ब्रोज फेन टांगलेले होते. बाग यांनी रचली. चित्रात त्यांच्या कोटावर एक पिवळा डाग होता. चित्रकाराने ते अंडं आहे हे लपवण्याचा जराही प्रयत्न केला नव्हता. हे गृहस्थ ग्रंथालयात कोंबड्या पाळायचे आणि कंगवा हे फ्रेंच लोकांचं खूळ आहे असं म्हणायचे, अशी गावात आख्यायिका होती.

"तुमच्या मते नावाचा अर्थ काय?"

"नीट अक्षरं बघा. नावाच्या पोटात 'लीस' आहे. लीस म्हणजे भाडेपट्टा. ही जमीन कधीतरी भाड्याने दिलेली, तिथे कुणीतरी गायी आणल्या, त्या राहिल्या. बागेच्या मूळ कल्पनेत गायी नाहीत. पाद्रीबाई म्हणतात त्याचा अर्थ कुरण. त्यांना तसं वाटतं, कारण त्यांना गायी आवडतात. अर्थ असा आवडीवर ठरत नाही."

"आणि दगड मिळाला नाही तर कुणाचा फायदा?"

ज्युलियनने सुरी खाली ठेवली. "तेच तर कुणाच्या लक्षात येत नाही, नेस्टाबाई. दगड नसेल तर काही सिद्ध होत नाही. सिद्ध झालं नाही तर गायी राहतात. मला तो दगड हवा होता. या गावात सगळ्यांत जास्त मलाच हवा होता. त्याला मी रोज गुड मॉर्निंग म्हणत असे."

"खरंच?"

"मनात."

माणूस खरं बोलत होता. नेस्टाला ते शब्दांपेक्षा श्वासावरून कळे. खोटं बोलणारा वाक्याच्या आधी जरा जास्त हवा भरून घेतो. ज्युलियनने फक्त सायीचा वास भरून घेतला होता.

ती खिडकीशी गेली. हिशेब विचित्र होता. दगड नसण्याचा फायदा गायींच्या बाजूला. पण गायींच्या बाजूचे लोक तर दगडाचीच वाट बघत होते. त्यावर 'कुरण' आहे अशी त्यांची खात्री होती. म्हणजे दगड नसण्याचा ज्यांना फायदा त्यांनाही तो हवाच होता, आणि ज्युलियनचं तर तो नसल्याने नुकसान. मग चोरला कुणी?

तिने सरांच्या कोटावरच्या अंड्याकडे पाहिलं. अंड्याने मदत केली नाही.

चोर तोच असू शकत होता, ज्याला ती दुसरी ओळ माहीत होती. पण ती ओळ शेवाळाखाली होती. जिवंत माणसांपैकी कुणीच ती वाचलेली नव्हती.

कुणीतरी वाचली होती.

३

कॉलिन गॉफ मुख्य माळी. त्याच्या आडनावात इंग्रजीत शेवटी चार अक्षरं लिहितात आणि त्यातल्या दोघांना बोलायची परवानगी नसते. कॉलिनही बहुधा त्यांच्यावरच गेला होता.

"शेवाळ," नेस्टा म्हणाली. तिने खड्ड्याजवळच्या गवतातून हिरवे बारके तुकडे उचलून तळव्यावर धरले होते.

"हं."

"दगड जाण्याआधी कुणीतरी घासला."

"मी नाही."

"माहीत आहे."

"या शेवाळाला हात लावू नका असा हुकूम होता. शुक्रवारसाठी. मी त्याच्यावर थंडीत पोतं घालत असे." कॉलिनसाठी हे भाषण होतं. तो जरा दमला.

नेस्टाने दुसऱ्या हातातली वस्तू दाखवली. एक राठ, पिवळा, जाड केस. ब्रशचा.

"तुझा?"

"माझ्या ब्रशाचे केस काळे."

"हिरवळीवर चाकं गेली असती तर?"

"मी रडलो असतो."

"रडलास?"

"नाही."

तर चाकं नव्हती. हा पुरावा कुठल्याही कोर्टात टिकला नसता, पण कॉलिनला ओळखणाऱ्या कोर्टात टिकला असता. नेस्टा खड्ड्याभोवती फिरली. घराच्या बाजूची कड धारदार होती, दगड जसा बसवला तसा तिचा ठसा. डावी तशीच, उजवी तशीच. चौथी कड मात्र ढासळली होती. मातीचा ओठ बाहेरच्या अंगाला पुसला गेला होता, भांड्याची कड फुटावी तसा.

"कॉलिन, वजनदार वस्तू न्यायची नसेल, फक्त नाहीशी करायची असेल, तर काय करावं लागतं?"

कॉलिनने विचार केला. विचार करताना तो टोपी काढत असे. "ढकलायची."

"किंवा ओढायची."

दोघांनी एकाच वेळी चौथ्या बाजूकडे पाहिलं. चौथ्या बाजूला हाहा होता.

"तिथे बघितलं," कॉलिन म्हणाला. "ज्युलियनने पण बघितलं. सकाळीच."

"काय दिसलं?"

"गायी."

"आणखी?"

"गायीच. चरात घोळका करून उभ्या होत्या."

"एरवी कुठे असतात?"

कॉलिनने टोपी पुन्हा काढली. ती अजून पुरती घातलेलीच नव्हती, त्यामुळे हालचाल नुसती झाली. "ओकच्या झाडाखाली," तो सावकाश म्हणाला. "चरात कधीच नसतात."

४

खाली जायला मोठा वळसा घालावा लागतो, फाटकातून, मग बीटीच्या अंगणातून. बीटी अंगणात नव्हती. ती रानात होती, एका हातात फावडं, दुसऱ्यात बादली, आणि मिसेस पिम नावाच्या गाईच्या मागे मागे चालत होती.

मिसेस पिमने शेण टाकलं. बीटीने ते जमिनीला टेकताच उचललं.

नेस्टा काही क्षण बघत राहिली. तिने आयुष्यात पुष्कळ काही पाहिलं होतं, पण कुरणातली गाय स्वच्छ ठेवण्याचा प्रयत्न पाहिला नव्हता.

"काय चाललंय, बीटी?"

"दिसतंय की, बदका." बीटी सगळ्यांनाच बदका म्हणे, बिशपनाही म्हणाली होती. त्या भागात ते लाडाचं समजतात. "साफसफाई."

"रानात?"

"मग काय, चर्चात करू?"

गायींना खरारा केलेला होता. कातडी रेशमासारखी झळकत होती. डचेस नावाच्या सगळ्यांत थोराड गाईची शिंगं तेलाने चमकत होती, आणि तिच्या कपाळावरच्या केसांचा चक्क भांग पाडलेला होता. डचेसला ते पटलेलं दिसत नव्हतं.

"कुणी येणार आहे का?"

"शुक्रवारी येणारच ना ती लंडनची बाई. जाताना तरी चांगल्या दिसू देत." बीटीने बादली ठेवली. हात कंबरेवर. "असतं एकेकाला नीटनेटकेपणाचं वेड. मेला तरी सुटत नाही."

"कुणाला?"

"कुणाला काय, असतं असं म्हटलं."

बीटीने वाक्याच्या आधी जास्त हवा भरून घेतली होती. नेस्टाला वाईट वाटलं. आपल्या धंद्यातली कला आपल्या आवडत्या माणसांवर चालते, हे तिला कधीच आवडलं नव्हतं.

मेलेला आणि नीटनेटका. या रानाशी संबंध असलेला मेलेला माणूस एकच, आणि त्याच्या कोटावर अंडं होतं. त्याला नीटपणाचं वेड होतं असं गावात कधी कुणी म्हटलेलं नव्हतं. बीटीने ते ऐकलेलं नव्हतं, कुठेतरी वाचलं होतं. आणि तेही मंगळवारीच.

नेस्टा चराकडे चालू लागली. बीटीने अडवलं नाही. ती मागून आली, बादलीशिवाय.

चरात भिंतीच्या पायथ्याशी गायींचा घोळका होता. मध्ये मिठाचा मोठा ठोकळा ठेवलेला, तो त्या चाटत होत्या. आणि ठोकळ्याच्या भोवती चपटे झालेले वाळल्या गवताचे भारे, ते खात होत्या. पुराव्याचा अर्धा भाग त्यांच्या पोटात गेला होता.

नेस्टाने वर पाहिलं. भिंतीच्या माथ्यावर बरोबर तिथेच मातीचा ओठ फुटलेला होता.

"गवत कशासाठी, बीटी?"

बीटीने गवताचा एक भारा बाजूला सारला, खाली राखाडी दगड पालथा पडलेला होता. मग म्हणाली, "त्याला लागू नये म्हणून."

५

दगड उलटवायला डचेसच लागली. मंगळवारी पाडायलाही तीच होती. बीटी भिंतीला शिडी लावून वर गेली होती, दोर बांधून खाली उतरली होती, आणि डचेसला चल म्हणाली होती. बैलाचं काम आपल्याला सांगितलं याचा राग डचेसच्या तोंडावर अजून होता. भांगामुळे तो जास्तच दिसत होता.

दगड उताणा पडला. कुठे साधी चीर नव्हती. वर बागेचं नाव, आणि खाली, नुकतीच घासलेली, पांढुरकी, स्वच्छ, ती ओळ.

*येथे नीट राखावे.*

इंग्रजीतही तो शब्द 'नीट'च आहे. उच्चार तोच, अर्थही जवळजवळ तोच. दोन भाषांमध्ये याबाबत काही ठरलेलं नसताना असं घडतं.

"बघ," बीटी म्हणाली. "मला वाटलं, शुक्रवारी ती बाई येणार, आधी आपणच घासून ठेवू, म्हणजे तिला लवकर सापडेल. गायींचा ब्रश घेतला. घासत होते तर गाणं म्हणत होते, बदका. आणि मग हे." तिने अक्षरांवरून अंगठा फिरवला. "नीट राखावे. गायी जिथे असतात तिथे काय नीट असतं? तू बघितलीस ना बादली. मी सकाळपासून तेच करतेय, संपतच नाही."

नेस्टाने ओळ पुन्हा वाचली. ज्युलियनला हवं होतं ते सगळं त्या ओळीत होतं. त्याने स्वतः लिहिली असती तरी इतकी सोयीची झाली नसती. नेस्टा बोलली तर गायी जाणार. ती गप्प राहिली तर बीटीच्या अपराधात तीही आली, आणि दगड गायींखाली जन्मभर.

"सांग तू," बीटी म्हणाली. "तुला खोटं बोलता येत नाही, तुझा चेहरा लाल होतो. फक्त दगड मोडला नाही एवढं सांग."

मग ती चहा ठेवायला आत गेली, कारण अशा वेळी दुसरं काय करायचं ते कुणालाच माहीत नसतं.

स्वयंपाकघरात बीटीने शुक्रवारसाठी आपले बूट टेबलावर मांडले होते. चहा उकळेपर्यंत ती फडक्याने त्यांना तेल लावू लागली. तेलाची बाटली गावात प्रत्येक घरात असते. चामडं मऊ राहतं, शिंगांनाही लावतात. बाटलीवर नाव होतं, 'नीट्स-फूट'. नेस्टाने ते लहानपणापासून पाहिलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं.

"याला असं का म्हणतात, बीटी?"

"पाय नीट राहतात म्हणून. बुटातले."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सगळ्यांना माहीत आहे."

"आणि करतात कशाचं?"

"गाईच्या नळीच्या हाडांचं. उकळून. कशाला विचारतेस, चहा पिणार आहेस ना?"

नेस्टा बाटलीकडे बघत राहिली. तिच्याकडे येणाऱ्या माणसांचे नेहमी छोटेच शब्द हरवतात. खुर्ची आठवते, 'खाली' आठवत नाही. मुलगा आठवतो, 'माझा' आठवत नाही. मोठ्या शब्दांवर सगळ्यांची नजर असते, अर्थ मात्र त्या चिमुकल्या 'चा'मध्ये, 'ची'मध्ये लपून बसलेला असतो. या बाटलीवर तसं एक अक्षर होतं, 'नीट'नंतरचा तो 'स'. नीट पाय नव्हे. पाय नीट ठेवणारं तेल नव्हे. नीट*चा* पाय.

"बीटी, 'नीट'ला पाय असतात."

"असतील."

"नीटनेटकेपणाला नसतात."

बीटी फडकं धरून थांबली.

"ज्याला पाय असतात," नेस्टा म्हणाली, "आणि त्या पायांची हाडं उकळली की तेल निघतं, असं हे नीट म्हणजे काय असेल?"

बीटीने खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर डचेस उभी होती.

६

शुक्रवारी सगळी समिती चरात उतरली. डॉक्टर स्टर्जिस बारीक, उंच, पायात शहरी बूट. त्या दगडाशेजारी गुडघ्यावर बसल्या तेव्हा मिसेस पिमने त्यांच्या मानेचा वास घेतला. त्या म्हणाल्या, "एक मिनिट," आणि मिसेस पिम खरंच थांबली.

"दगड मी पाडला," कुणी विचारायच्या आधी बीटी म्हणाली. बूट चकाकत होते. "मी आणि डचेसने. पण डचेसला मी सांगितलं होतं."

पाद्रीबाईंनी डोळे मिटले. ज्युलियनने तोंड उघडलं, आणि मग ओळ वाचली, आणि तोंड उघडंच राहिलं.

"नीट राखावे," तो हळूच म्हणाला. आवाजात विजय होता, पण त्याला तो आवडला नसावा, कारण तो बीटीकडे बघत नव्हता. "मला वाईट वाटतं. खरंच."

"थांबा," नेस्टा म्हणाली. "ज्याच्या कोटावर अंडं आहे, त्याने नीट राखा असं दगडात कोरलं असेल? ग्रंथालयात कोंबड्या होत्या त्याच्या." मग तिने बाटलीचं सांगितलं. 'चा'चं सांगितलं. सांगताना तिचा चेहरा लाल झाला, पण या वेळी वेगळ्या कारणाने.

डॉक्टर स्टर्जिस अक्षरांवर बोट ठेवून ऐकत होत्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "जुना शब्द आहे. नीट म्हणजे गुरं. बोलण्यातून गेला, बाटलीवर राहिला. आणि लेझर म्हणजे कुरण, भाडेपट्ट्याशी काही संबंध नाही. वरची ओळ एकटी होती तोवर वाद घालायला जागा होती. आता खालची ओळ वरच्या नावाचा अर्थ सांगते, वरचं नाव खालच्या ओळीचा. कुरण. येथे गुरं राखावीत."

"पण दुसरा अर्थही होतोच," ज्युलियन म्हणाला. तो भांडत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "त्यांच्या काळीही होत असेल. स्वच्छ राखा, असा."

"होत असेल. त्यांना ते माहीतही असेल. माणूस गमत्या होता असं दिसतं." त्या उठल्या आणि गुडघ्याला लागलेलं शेण न्याहाळू लागल्या. "पण कुरणात उभं राहून गुरांबद्दल लिहिलेला शब्द वाचायचा, आणि गुरं सोडून बाकी सगळं आठवायचं, याला फार शिकावं लागतं."

ज्युलियनने रानाकडे पाहिलं, जिथे त्याने मनात शामियाने लावले होते. एकेक उतरवायला त्याला थोडा वेळ लागला.

"माझ्या डोक्यात सगळं सरळ रेषेत होतं," तो म्हणाला. मग बीटीकडे वळला. "गायी राहतील, मिसेस ओनियन्स."

त्याने 'ओनायन्स' म्हटलं नाही. बीटीने ते ऐकलं की नाही कळलं नाही.

"आणि दगडाचं?" प्रिसिलांनी विचारलं. "पाडल्याबद्दल काहीतरी ठराव करायला हवा. मला काही सुचत नाहीये."

"पुन्हा उभा करू," कॉलिन म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "उन्हाळा संपायच्या आत. वर नेणं अवघड आहे. इथेच करू."

एवढं बोलून त्याने टोपी घातली, आणि ठराव झाला.

लोक पांगू लागले. डॉक्टर स्टर्जिसना चहा हवा होता, पाद्रीबाईंना फोन करून पोलिसांना सांगायचं होतं की दगड सापडला, अजून राखाडीच आहे. नेस्टा मात्र थांबली, कारण बीटी हलली नव्हती.

बीटी दगडाशेजारी भिंतीला टेकून बसली होती. गायी वाचल्या म्हणून ती आनंदात असेल असं नेस्टाला वाटलं होतं. पण बीटीने तळवा त्या ओळीवर ठेवला होता, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.

"इतकी वर्षं तो मला म्हणत होता, राहा," बीटी म्हणाली. "माझ्या आजोबांना म्हणत होता. आम्ही त्याच्या खालूनच ये-जा करायचो, बदका. वर बघितलं नाही. आणि एकदाच वाचलं, तर जा असं वाचलं."

नेस्टाला सांगण्यासारख्या पुष्कळ गोष्टी सुचल्या. भीती असली की माणूस स्वतःविरुद्धच वाचतो, हे तिने इस्पितळात रोज पाहिलं होतं. तिने त्यातलं काहीच सांगितलं नाही. ज्याचा शब्द परत येतो त्याला त्या शब्दाबरोबर थोडा वेळ एकटं सोडायचं असतं. तिथे दुसरे शब्द न्यायचे नसतात.

तिने बीटीच्या खांद्याला हात लावला आणि ती फाटकाकडे निघाली.

गायी थांबल्या. त्यांना कुणी निघा म्हटलं नव्हतं.